एक बेरीज ०.५७ सायकलमध्ये कशी होतेय? (कोडचा वेळ मोजण्याचा घोळ)

रात्रपाळी

मंडळी, दोन दिवस झाले डोक्याला शॉट लागलाय म्हणून शेवटी धागा काढतोय. एका पार्सरमधल्या (मजकूर वाचून त्याची फोड करणारा प्रोग्रॅम) फंक्शनचं नवं व्हर्जन लिहिलंय, जुन्यापेक्षा ११ टक्के फास्ट येतंय (वीस वीस फेऱ्यांची सरासरी, जुनं १२.३ मिलीसेकंद, नवं १०.९), इथपर्यंत सगळं गोड. पण म्हटलं जरा खोलात जाऊन सायकलमध्ये (प्रोसेसरच्या क्लॉकच्या ठोक्यांत) मोजू म्हणून आरडीटीएससी (प्रोसेसरमधला काउंटर वाचणारी इन्स्ट्रक्शन) वापरलं, आणि आपण नीट मोजतोय का हे बघायला आधी एक अगदी बाळबोध टेस्ट केली. एका रजिस्टरमध्ये (प्रोसेसरच्या आतली आकडा ठेवायची जागा) एक मिळवायचा, परत मिळवायचा, परत मिळवायचा, असं १०० कोटी वेळा. प्रत्येक बेरीज आधीच्या उत्तरावर अडकलेली, म्हणजे दोन बेरजा एकदम होण्याचा प्रश्नच नाही, एका बेरजेला एक सायकल धरली तर १०० कोटी यायला पाहिजेत.

आले ५७ कोटी १४ लाख.

म्हणजे एक बेरीज अर्ध्या सायकलीत?? बॅटरीवर चालवलं की अजून गंमत, कधी ०.९, कधी १.३, एकदा तर चक्क २. लॅपटॉप आहे, प्रोसेसर २.४ गिगाहर्ट्झचा, लिनक्स. मी कुठे माती खातोय?

कंपायलरग्रस्त

कंपायलरने लूप खाल्ला असणार. १०० कोटी वेळा एक मिळवायचा म्हणजे उत्तर १०० कोटी, हे त्याला कळतं, तो लूप चालवतच नाही. आमच्याकडे दर महिन्याला कोणीतरी असा 'शून्य वेळात चालणारा' कोड घेऊन येतो.

रात्रपाळी

नाही हो, इनलाइन असेंब्ली आहे, व्होलाटाइल लावून, म्हणजे कंपायलर त्याला हात लावत नाही. डिसअसेंब्ली (तयार झालेला मशीन कोड) पण बघितली, सगळ्या बेरजा जागेवर आहेत. आणि लूप खाल्ला असता तर दोन-चारशे टिक आले असते, ५७ कोटी कशाला येतील.

निवांतनॅनो

एक प्रश्न. ५७ कोटी टिक म्हणताय, तेवढ्यात घड्याळाचे सेकंद किती गेले? क्लॉक-गेटटाइमने मोनोटॉनिक क्लॉक वाचून सांगा. मला उत्तराचा अंदाज आहे पण तुमच्याकडून ऐकायचंय.

रात्रपाळी

०.२३८ सेकंद.

निवांतनॅनो

वाटलंच. आता भागाकार करा. ५७.१४ कोटी टिक भागिले ०.२३८ सेकंद, म्हणजे सेकंदाला २४० कोटी, बरोबर २.४ गिगाहर्ट्झ. आणि १०० कोटी बेरजा भागिले तेच ०.२३८, म्हणजे ४.२ गिगाहर्ट्झ. तुमचा कोअर टर्बोमध्ये (मूळ वेगापेक्षा वर चढून) ४.२ ने पळत होता, एका बेरजेला एकच सायकल लागली, तिथे काहीच गडबड नाही. गडबड ही की आरडीटीएससी सायकल मोजतच नाही. ते २.४ ने टिकटिक करत बसलेलं एक घड्याळ आहे, कोअर ४.२ ने पळो की १.२ ने रांगो, त्याला सोयरसुतक नाही. २.४ भागिले ४.२ = ०.५७. बॅटरीवर कोअर १.२ ला आला की २.४ भागिले १.२, म्हणून ते २. मधले आकडे मधल्या फ्रिक्वेन्सीचे.

नावात 'टाइम स्टँप काउंटर' (टीएससी) आहे ते आता अक्षरशः खरंय. बूटचा लॉग काढून बघा, त्यात टीएससी कॅलिब्रेशनची एक ओळ असते, तुमच्याकडे २३९९ पॉइंट काहीतरी मेगाहर्ट्झ असं दिसेल. कर्नल ते एकदा मोजतो आणि मग सगळा कारभार त्याच आकड्यावर.

रात्रपाळी

आहे!! २३९९.९९८. च्यायला. पण मग सगळ्या जुन्या लेखांत 'सायकल मोजायच्या असतील तर आरडीटीएससी' असं का लिहिलेलं असतं?

जुनंखोड

कारण ते लेख लिहिले तेव्हा ते खरं होतं हो. १९९३ च्या पेंटियममध्ये ही इन्स्ट्रक्शन आली तेव्हा प्रोसेसरचा क्लॉक एकच, चालू केल्यापासून बंद करेपर्यंत तेवढाच. टिक म्हणजे सायकल, सायकल म्हणजे वेळ, मेगाहर्ट्झने भागलं की मायक्रोसेकंद तयार. आम्ही त्यावर पोटभर जेवलो.

मग लॅपटॉपमध्ये वीज वाचवायला स्पीडस्टेप, पॉवरनाऊ वगैरे आलं आणि क्लॉक खालीवर व्हायला लागला. तेव्हा टीएससी कोअरबरोबरच खालीवर व्हायचा, म्हणजे सायकल बरोबर यायच्या पण वेळ साफ चुकायचा. आणि कोअर गाढ झोपेत गेला की काही मशिनींवर काउंटर पण झोपायचा. त्यात २००५ च्या सुमारास दोन कोअरवाल्या मशिनी आल्या. दोन्ही कोअरचे काउंटर वेगवेगळे, एक इकडे एक तिकडे. माझ्या एका प्रोग्रॅममध्ये फंक्शनला लागलेला वेळ वजा आला होता. वजा! सुरुवात एका कोअरवर वाचली, शेवट दुसऱ्यावर, आणि दुसरा मागे होता. साहेबांना तो लॉग दाखवला तर म्हणाले अरे वा, विचारायच्या आधीच उत्तर देतोय तुझा कोड.

पुढे लोकांनी ओरड केली तेव्हा टीएससी ठरावीक वेगाने चालवायला लागले. २००८ च्या नेहेलेम प्रोसेसरपासून इंटेलने त्याला इन्व्हेरियंट म्हटलं, म्हणजे फ्रिक्वेन्सी बदलो की कोअर झोपो, टिकचा वेग तोच. आणि गंमत बघा, टर्बो बूस्ट पण त्याच नेहेलेममध्ये आला. म्हणजे घड्याळ सरळ झालं त्याच साली कोअर जास्त मोकाट सुटला. तुमच्या मशिनवर बघायचं असेल तर सीपीयूइन्फोच्या फ्लॅगमध्ये कॉन्स्टंट टीएससी आणि नॉनस्टॉप टीएससी असे दोन शब्द शोधा, दोन्ही असतील तर निवांत.

टिकटिक_आजोबा

जुनंखोड +१. वजा वेळ आम्हीही पाहिलाय. त्या काळी गेम खेळताना मधेच कॅरेक्टर उड्या मारत पुढे जायचे ते यामुळेच.

खिडकीवाला

विंडोजवाल्यांनी काय करायचं?

निवांतनॅनो

क्वेरी परफॉर्मन्स काउंटर (विंडोजचं वेळ मोजायचं फंक्शन) वापरा, तो आतून बहुतेक वेळा टीएससीवरच बसलेला असतो, पण वेग सरळ न देता बऱ्याच मशिनींवर १० मेगाहर्ट्झचा करून देतो, म्हणजे एक टिक १०० नॅनोसेकंदांचा. त्याने ३० नॅनोसेकंदांचं फंक्शन एकदा चालवून मोजायला जाल तर शून्य नाहीतर १०० एवढंच दिसेल, हजार वेळा फिरवा आणि मग भागा. एआरएमवर पण हीच तऱ्हा, ॲपलच्या एम१ वर सिस्टिम काउंटर २४ मेगाहर्ट्झचा आहे, एक टिक ४१ नॅनोसेकंदांहून थोडा जास्त. कोअर मात्र ३.२ गिगाहर्ट्झपर्यंत जातो, म्हणजे एका टिकमध्ये शंभरावर सायकली उरकतात.

रात्रपाळी

ओके, मग खऱ्या सायकल कशा मोजायच्या?

कंपायलरग्रस्त

पर्फ स्टॅट, लिनक्सचं मोजमापाचं टूल. सायकल, इन्स्ट्रक्शन आणि रेफ-सायकल तिन्ही मागा. सायकल म्हणजे कोअरने खरोखर घातलेल्या फेऱ्या, हा हार्डवेअरचा वेगळा काउंटर आहे, फ्रिक्वेन्सीबरोबर फास्ट-स्लो होतो. रेफ-सायकल ठरावीक वेगाने चालतात, पण कोअर जागा असतानाच. टास्क-क्लॉक पण मागितला की पर्फ सायकलच्या रांगेत उजवीकडे गिगाहर्ट्झ पण छापतो, ती तुमच्या प्रोग्रॅमपुरती सरासरी खरी फ्रिक्वेन्सी, मला विचाराल तर आख्ख्या आउटपुटमधली सगळ्यात कामाची गोष्ट तीच आणि लोक तिकडे ढुंकून बघत नाहीत. दोन रनमध्ये तो आकडा वेगळा असेल तर मिलीसेकंदांची तुलना करूच नका.

आधी थोडं घाईत बोललो त्याबद्दल सॉरी बरं का, सवयीचा परिणाम.

रात्रपाळी

सॉरी कशाला :) चालवलं. बेरजेची टेस्ट: सायकल १०० कोटी आणि वर काही हजार, ४.१९९ गिगाहर्ट्झ. बॅटरीवर: सायकल तेवढ्याच, गिगाहर्ट्झ १.२ ते २.७ काहीही. दोन दिवस वाया घालवले मी.

ढगातला_रामू

हे सगळं ठीक आहे पण क्लाउडवरच्या व्हर्च्युअल मशिनीत पर्फ सायकलपुढे नॉट सपोर्टेड लिहून मोकळा होतो. आमच्याकडे सगळं तिथेच चालतं.

निवांतनॅनो

हो, हायपरव्हायझर (व्हर्च्युअल मशिनी चालवणारा प्रोग्रॅम) काउंटर आत येऊ देत नाही बऱ्याचदा. मग रात्रपाळींनी जे चुकून केलं तेच मुद्दाम करायचं. ज्या कामाच्या सायकल आधीच माहीत आहेत असा तुकडा तुमच्या कोडच्या आधी एकदा आणि नंतर एकदा चालवा, घड्याळाने वेळ घ्या, त्यावरून त्या क्षणाची फ्रिक्वेन्सी काढा. आधीची आणि नंतरची जुळली तर मधला आकडा ठेवा, नाही जुळली तर फेकून द्या आणि परत चालवा.

फक्त एक सांभाळा, त्यात बेरीज वापरू नका, गुणाकार वापरा. नव्या काही कोअरमध्ये (इंटेलच्या २०२१ पासूनचे मोठे कोअर) रजिस्टरमध्ये छोटा ठरावीक आकडा मिळवायचा असेल तर ते काम रिनेम करतानाच (बेरजेच्या युनिटपर्यंत जायच्या आधीच) उरकून टाकतात, बेरजा खरंच एका सायकलच्या आत होतात आणि तुमचं कॅलिब्रेशन सांगेल की कोअर दहा-वीस गिगाहर्ट्झने चाललाय. ३२ बिटांच्या रजिस्टरला त्यानेच परत परत गुणायचं, अशी साखळी केली की इंटेल आणि एएमडीचे झेन दोन्हींवर एकाला ३ सायकल, गेली कित्येक वर्षं.

ढगातला_रामू

हे भारी आहे. वाचनखूण साठवली.

अडाणी_प्रश्न

मूलभूत प्रश्न, राग नसावा. फ्रिक्वेन्सी बदलते हाच त्रास असेल तर ती बांधूनच का टाकत नाही? परफॉर्मन्स गव्हर्नर (फ्रिक्वेन्सी ठरवणारं लिनक्सचं सेटिंग) लावला की झालं ना?

कंपायलरग्रस्त

राग कसला. पण नाही झालं. परफॉर्मन्स गव्हर्नर म्हणजे 'जेवढं वर जाता येईल तेवढं जा', आणि किती वर जाता येईल हे बाकीचे कोअर काय करतायत, तापमान किती, आणि किती वॉट ओढले यावर ठरतं. लॅपटॉप पहिली काही सेकंद (बऱ्याच मशिनींवर २८ सेकंदांचा हिशोब असतो) जास्त वॉट ओढू देतो, मग मुकाट्याने खाली येतो. म्हणजे लांब बेंचमार्क घेतला तर सुरुवातीच्या फेऱ्या फास्ट, शेवटच्या स्लो, आणि कोड तोच. बांधायचं तर टर्बो बंद करा (इंटेल पीस्टेट, म्हणजे इंटेलचा फ्रिक्वेन्सी ड्रायव्हर, असेल तर नो-टर्बो मध्ये १ लिहा, इतर ठिकाणी बूस्ट मध्ये ०), आणि किमान व कमाल फ्रिक्वेन्सी सारखी ठेवा. टास्कसेटने एका कोअरला चिकटवा, हायब्रिड (मोठे-छोटे दोन्ही कोअर असलेला) प्रोसेसर असेल तर हे सोडूच नका, नाहीतर अर्धा रन मोठ्या कोअरवर आणि अर्धा छोट्यावर.

जाता जाता, पीस्टेटमध्ये गव्हर्नरचं पॉवरसेव्ह हे नाव बघून लोक घाबरतात. तो तळाला बसून राहत नाही, लोड बघून चढतोच.

जुनंखोड

इथे माझा थोडा आक्षेप आहे. क्लॉक बांधून मोजलेलं म्हणजे खरं, असं पोरांच्या डोक्यात बसतं, आणि सायकलमध्ये मोजलं की फ्रिक्वेन्सीचा संबंधच संपला असंही. दोन्ही अर्धवट. रॅमला तुमच्या कोअरच्या क्लॉकशी घेणंदेणं नाही, ती नॅनोसेकंदांत उत्तर देते.

हिशोबच करतो. समजा फंक्शनला ६०० सायकल हिशोबाच्या आणि एकदा रॅमपर्यंत जायला ९० नॅनोसेकंद, एकावर एक चढत नाहीत असं धरा. १.२ गिगाहर्ट्झला ६०० सायकल म्हणजे ५०० नॅनोसेकंद, अधिक ९०, एकूण ५९०. ४.२ ला १४३ अधिक ९०, म्हणजे २३३. आता सायकल मोजा: १.२ ला ते ९० नॅनोसेकंद म्हणजे १०८ सायकल, एकूण ७०८. ४.२ ला तेच ९० नॅनोसेकंद म्हणजे ३७८ सायकल, एकूण ९७८. कोड तोच, डेटा तोच, आणि 'सायकल' ७०८ च्या ९७८ झाल्या. त्यांच्यातल्या पावणेचारशे सायकली कोअर नुसता वाट बघत उभा.

पुढे. तुम्ही घाम गाळून हिशोब निम्म्यावर आणलात, ३०० सायकल. १.२ ला बांधून मोजलंत तर ५९० चे ३४०, म्हणजे ४२ टक्के वाचले, पार्टी. प्रत्यक्षात मशिन ४.२ ला चालणार, तिथे २३३ चे १६१, ३१ टक्के. पार्टी लहान. म्हणून मी म्हणतो, नुसता हिशोबाचा, एल१ मध्ये (कोअरला सगळ्यात जवळची कॅश) मावणारा कोड असेल तर सायकल मोजा, बिनधास्त. मेमरीत फिरणारा असेल तर जिथे चालणार आहे त्या फ्रिक्वेन्सीला वेळ मोजा. या दोन्हींच्या मधे एल३ कॅश आहे, त्याचा क्लॉक इंटेलच्या बऱ्याच प्रोसेसरांत तिसराच, ते भांडण आज नको.

कंपायलरग्रस्त

बाडिस (बाय डिफॉल्ट सहमत). हे मी धरलंच नव्हतं. रात्रपाळी, तुमचा पार्सर आहे म्हणजे मेमरीत सरळ रेषेत वाचत जाणार, प्रीफेचर पुढचा डेटा आधीच आणून सांभाळून घेईल, सायकल चालून जातील बहुतेक.

निवांतनॅनो

जुनंखोड, दंडवत. ९७८ वाला आकडा मी आता सगळ्यांना ऐकवणार.

बरं रात्रपाळी, मूळ मुद्दा राहिलाच की. ते ११ टक्के. मला ते पहिल्यापासून खुपतायत. वीस फेऱ्या म्हणालात, आधी कुठलं चालवता, जुनं की नवं?

रात्रपाळी

आधी जुन्याच्या वीस, मग नव्याच्या वीस. का?

निवांतनॅनो

सरासरी नको. जुन्याचे वीसही आकडे टाका इथे, चालवले त्या क्रमाने.

रात्रपाळी

३७.९, १२.६, १०.९, १०.९, १०.९, १०.९... पुढे सगळे १०.९ च, एखादा दशांश इकडेतिकडे.

अरे देवा.

टिकटिक_आजोबा

:D :D

निवांतनॅनो

हं. ३७.९ अधिक १२.६ अधिक अठरा वेळा १०.९, भागिले वीस, १२.३. तुमचे ११ टक्के त्या पहिल्या दोन फेऱ्यांत आहेत. कोअर आळसावून १.२ ला बसला होता, जुन्या कोडने त्याला उठवलं, आणि नव्याला आयता गरम कोअर मिळाला.

कंपायलरग्रस्त

थांबा, इतक्यात फ्रिक्वेन्सीवर खापर नको. पहिल्या फेरीत पेज फॉल्ट असतात (मेमरीचं पान पहिल्यांदा वापरताना कर्नलला मधे यावं लागतं), कॅश गार असते, कोड पुढे कुठे वळेल याचा अंदाज बांधणाऱ्या ब्रँच प्रेडिक्टरला काही माहीत नसतं. तेही ३७.९ करू शकतं.

निवांतनॅनो

बरोबर, पण ते ओळखता येतं. पर्फ-इव्हेंट-ओपन या सिस्टिम कॉलने सायकलचा काउंटर उघडा आणि प्रत्येक फेरीच्या आधी-नंतर वाचा. पेज फॉल्टचा खेळ असेल तर पहिल्या फेरीच्या सायकली पण साडेतीनपट दिसतील (कर्नलमधल्या सायकली वगळू नका मात्र, नाहीतर फॉल्टचा खर्च दिसणारच नाही). फ्रिक्वेन्सीचा असेल तर वेळ साडेतीनपट आणि सायकली जवळपास तेवढ्याच.

रात्रपाळी

केलं. पहिली फेरी ३७.९ मिलीसेकंद, सायकल ४ कोटी ७९ लाख. पाचवी फेरी १०.९ मिलीसेकंद, सायकल ४ कोटी ५८ लाख. म्हणजे २१ लाख सायकली कंपायलरग्रस्त म्हणतात त्या पेज फॉल्ट वगैरेच्या आणि बाकी सगळी फ्रिक्वेन्सी, ४.७९ कोटी भागिले ३७.९ मिलीसेकंद म्हणजे सरासरी १.२६ गिगाहर्ट्झ.

आणि हो, क्रम उलटा करून बघितला, आधी नवं मग जुनं. आता जुनं ११ टक्के फास्ट.

अडाणी_प्रश्न

मग किमान आकडा घ्यायचा ना दोघांचा? सरासरीपेक्षा बरा नाही का?

जुनंखोड

इथे चाललं असतं, दोघांचा किमान १०.९ च आला असता. पण टर्बो असताना किमान म्हणजे 'एकदा नशिबाने कोअर सगळ्यात वर गेला तेव्हाचा' आकडा, आणि ते नशीब दोघांना सारखं मिळालं हे कशावरून? मी आलटून पालटून चालवतो. जुनं, नवं, नवं, जुनं, परत तेच, आणि जोडीजोडीतला फरक काढून त्याचा मध्य. कोअर तापला काय, थंड झाला काय, दोघांच्या वाट्याला सारखंच येतं. क्लॉक बांधता येत नाही तिथेही हे चालतं, रामू, तुम्हाला उपयोगी पडेल.

ढगातला_रामू

आमच्यात शेजारच्या मशिनीचा त्रास वेगळाच असतो, पण हो, जोडीजोडीने केलं की तोही बराच धुऊन निघतो. आधी का सुचलं नाही कोण जाणे.

कंपायलरग्रस्त

अजून एक, छोटे तुकडे टीएससीने मोजणाऱ्यांसाठी. प्रोसेसर इन्स्ट्रक्शन पुढेमागे करतो, आरडीटीएससी तुमच्या कोडच्या मधेच घुसू शकतं. म्हणून थांबवणारी इन्स्ट्रक्शन लावा, सुरुवातीला एलफेन्स मग आरडीटीएससी, शेवटी आरडीटीएससीपी मग एलफेन्स. आणि रिकामं मोजून तो खर्च वजा करा, तो काही डझन टिकांचा असतोच.

रात्रपाळी

जुनंखोडांच्या पद्धतीने केलं. आधी अर्धा सेकंद कोअर नुसता फिरवला, मग आलटून पालटून दोनशे जोड्या, टास्कसेट लावून, चार्जर जोडून. जुनं ४ कोटी ५८ लाख सायकल, नवं ४ कोटी ६१ लाख. वेळेतही तसंच, नवं अर्ध्या टक्क्याच्या आसपास स्लो. इन्स्ट्रक्शन मात्र नव्यात ९ टक्के कमी आहेत, म्हणून मला खात्री वाटत होती. ब्रँच-मिस (ब्रँच प्रेडिक्टरचे चुकलेले अंदाज) वाढलेत थोडे, कमावलेलं तिथेच गेलं बहुतेक, ते उद्या बघतो.

टिकटिक_आजोबा

मग जुना कोड परत लावला का?

रात्रपाळी

लावला. पण कमिटमध्ये 'पार्सर ११ टक्के वेगवान' असं लिहून ठेवलंय.

कंपायलरग्रस्त

रिबेस करून कमिटचा इतिहास बदला, कोणाला कळतंय.

रात्रपाळी

पुश करून झालंय. रिलीज नोट्समध्ये पण गेलं.